फॅमिली डॉक्टरचं माप



अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटं मापही येतं. देताना कमी, घेताना जास्त. आपण ते दुकानातल्या तराजूपुरतं धरतो. मला वाटतं, विम्याच्या पैशातून फॅमिली डॉक्टरला जे मिळतं, तेही कमी मापच आहे.

भोसरी, चाकण पट्ट्यात आपल्यापैकी अनेकींच्या घरचे कारखाने, वर्कशॉप आहेत. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांचा ईएसआय तिथे भरला जातो. जुलै 2019 पासून मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के. म्हणजे 20,000 पगारावर 650 आणि 150, मिळून महिन्याला 800. वर्षाचे 9,600 रुपये.

याच योजनेत महाराष्ट्रात पॅनेल डॉक्टरची पद्धत आहे. वस्तीतला खासगी डॉक्टर कामगारांची कुटुंबं नोंदवून घेतो. त्याला दर तपासणीचे पैसे मिळत नाहीत, नोंदणीमागे वर्षाची ठरावीक रक्कम मिळते. आता हिशोब करा. समजा, ती 500 रुपये धरली, तर चौघांच्या घरात डोईमागे महिन्याला दहा रुपये पडतात. एवढ्यात गाळ्याचं भाडं, कंपाउंडरचा पगार, लाइट बिल कसं निघणार? ती हजार केली, तरी 9,600 मधला साधारण दहावा हिस्साच. उरलेल्यात हॉस्पिटल, आजारपणातला भत्ता, बाळंतपणाची रजा हे खर्च आहेत, मान्य. पण पहिल्या पायरीवरच बीपी-शुगर सांभाळली गेली, तर त्यातला हॉस्पिटलचा खर्चही कमी होईल.

आपल्या मेडिक्लेमची तऱ्हा वेगळी नाही. बहुतेक पॉलिसींना चोवीस तास ॲडमिट व्हावं लागतं. डॉक्टरांनी वेळीच खोकला बरा केला, तर पैसे आपल्या खिशातून. न्यूमोनिया होऊन ॲडमिट झालो, की कंपनी हजारो रुपये भरते. मग नवे डॉक्टर गल्लीत दवाखाना कशाला थाटतील?

कुणी म्हणेल, डॉक्टरकी ही सेवा आहे. आहेच. आपल्याकडे औषधदान मोठं मानलं आहे, पण दान स्वतःच्या खिशातून करायचं असतं. डॉक्टरच्या खिशातून करवून घेतलं, तर ते दान कसलं?

म्हणून दोन गोष्टी सुचवते. घरच्या कारखानदारांना सांगा, की त्यांच्या संघटनेने ईएसआय महामंडळाला लिहावं: पॅनेल डॉक्टरांचा दर वाढवा आणि दरवर्षी महागाईप्रमाणे तपासा. आणि मेडिक्लेम रिन्यू करताना एजंटला विचारा, दवाखान्याची फी यात बसते का, आणि किती. आज एकीने विचारलं तर तो हसेल. पन्नासजणींनी विचारलं, तर कंपनीला कळवेल.

आपण वाणी माणसं. माप चुकलं तर आपल्याला आधी कळायला हवं.