विश्लेषण : रुग्णालयाची संगणक प्रणाली बदलते, तेव्हा रुग्णाच्या नोंदी कुठे जातात?

रुग्णालयातील जुनाट संगणक प्रणाली बदलायला हवी, याबद्दल वाद नाही. वाद व्हायला हवा तो ती कशी बदलायची यावर. पण आपल्याकडे चर्चा निविदेच्या रकमेपाशी थांबते. मधल्या काळात रुग्णाच्या नोंदींचे काय होते, याची उदाहरणे राज्यात, देशात आणि परदेशातही आहेत.

राज्यात काय घडले?

जुलै २०२२ मध्ये राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील ‘एचएमआयएस’ ही प्रणाली खासगी कंपनीशी झालेल्या वादातून बंद पडली. ओपीडीच्या खिडकीवर पुन्हा हाताने केसपेपर लिहिणे सुरू झाले. तेही एक वेळ चालते. या डॉक्टरांना कागदाची सवय आहे. खरी अडचण होती ती आधीच्या नोंदींची. रुग्ण समोर, त्याचा इतिहास मात्र बंद संगणकात! पुढे सरकार राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ‘ई-हॉस्पिटल’कडे वळले. सरकारी प्रणाली म्हणजे सुरक्षित, असे मानण्याचेही कारण नाही. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. तेथे ‘ई-हॉस्पिटल’च होते आणि कित्येक दिवस कारभार कागदावर चालला.

मग जुनीच का ठेवू नये?

ते परवडणारे नाही. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात सुरक्षा-दुरुस्त्या न केलेल्या संगणकांमुळे ब्रिटनच्या आरोग्य सेवेला सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या.

घाई केली तर?

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्य विभागाचा अनुभव आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. ‘व्हिस्टा’ ही कित्येक दशके वापरातली प्रणाली सोडून विभागाने २०१८ मध्ये ‘सर्नर’शी सुमारे १० अब्ज डॉलरचा करार केला. ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे नवी प्रणाली सुरू झाली. डॉक्टर तपासणी किंवा तज्ज्ञाकडे पाठवण्याची सूचना नोंदवत. ती ज्या विभागाकडे जायची, त्याची ओळख प्रणालीला पटली नाही, तर सूचना एका ‘अज्ञात रांगेत’ पडून राहत असे. डॉक्टरला वाटे, काम झाले. ज्याच्याकडे ती जायची, त्याला पत्ताच नाही. पडद्यावर चूक दिसत नव्हती. अशा ११ हजारांहून अधिक सूचना अडकल्या आणि १४९ रुग्णांना त्याची झळ बसली, असे विभागाच्या महानिरीक्षकांचा २०२२ चा अहवाल सांगतो. पाच वैद्यकीय केंद्रांनंतर, एप्रिल २०२३ मध्ये, हा विस्तार थांबवावा लागला.

प्रणाली ठप्प झाली तर निदान सगळ्यांना कळते. चालू राहून ती चुकते, तेव्हा कोणी तक्रारही करत नाही.

आपल्याकडे वेगळे काय?

नावे आणि जन्मतारखा. एकाच बाईंचे नाव एका नोंदीत माहेरचे, दुसरीत सासरचे. इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचे. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावून घेतलेली एक अख्खी पिढी आज पन्नाशी-साठीत, म्हणजे नेमकी मधुमेह-रक्तदाबाच्या वयात आहे. नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून संगणकाने दोन रुग्णांना एक केले, तर एकाची औषधाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाईल. ‘आभा’ या १४ अंकी क्रमांकाने पुढील नोंदी जोडता येतील. मागच्या नोंदी त्याने आपोआप सुधारत नाहीत. ती छाननी माणसांनाच करावी लागते, आणि त्यासाठी वेळ व पगार दोन्ही द्यावे लागतात.

काय करायला हवे?

सगळे काही हलवण्याचा हट्ट सोडावा. अ‍ॅलर्जी, चालू औषधे, शस्त्रक्रिया आणि अलीकडचे अहवाल तपासून नव्या प्रणालीत आणावेत. बाकीचा जुना साठा केवळ वाचण्यासाठी खुला ठेवावा. माहिती रुग्णालयाची की कंपनीची, आणि कंत्राट संपल्यावर किंवा बिल थकल्यावर ती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल, हे करारात पहिल्या पानावर असावे. शुभारंभाची तारीख मंत्र्यांच्या दौऱ्यावरून ठरू नये. ती वॉर्डमधील परिचारिका आणि निवासी डॉक्टर सांगतील तीच.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. नवी प्रणाली ताब्यात घेण्यापूर्वी दोन वर्षांपूर्वीच्या पन्नास रुग्णांची डिस्चार्ज कार्डे त्या मुदतीत काढून दाखवायला कंपनीला सांगावे. निघाली नाहीत, तर जुनी प्रणाली बंद करू नये आणि बिलही मंजूर करू नये.