‘रँक किती?’ या प्रश्नात चूक काय? कॅम्पसवरचा जातीचा वाद समजून घ्या

भाईंदरच्या इंद्रलोकमधून लोकलने इंजिनीअरिंग कॉलेजला जाणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला ‘रँक किती?’ हा प्रश्न नवा नाही. पण अनेकदा रँकवरून प्रवर्ग आणि प्रवर्गावरून जात हेरली जाते.

फेब्रुवारी २०२३मध्ये आयआयटी मुंबईत दलित विद्यार्थी दर्शन सोळंकीचा मृत्यू झाला. विद्यार्थी संघटनांनी जातिभेदाचा आरोप केला; संस्थेच्या समितीला तसा थेट पुरावा आढळला नाही. तरीही जुलैत संस्थेनेच जात किंवा रँक विचारू नये, अशी सूचना काढली.

मात्र सूचना मोडली तर दाद कुठे मागायची? यूजीसीच्या २०१२च्या नियमांत भेदभावविरोधी अधिकाऱ्याची तरतूद आहे. ती अमलात यावी म्हणून रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आई २०१९मध्ये सुप्रीम कोर्टात गेल्या.

प्रवेश घेताना फीसोबत हेही विचारा : आपल्या कॉलेजात हा अधिकारी कोण?