शटर ओढणारा हात सांभाळा

आपण मालाचा विमा काढतो, पण शटर ओढणाऱ्या मनगटाकडे बघत नाही. गेल्या वर्षी गोणी उतरवताना माझा पाय घसरला, हात टेकला आणि मनगट सुजलं. "मुरगळलंय फक्त" म्हणत मी तेल चोळून गल्ल्यावर बसलो. चूक केली. दुखणं तीन आठवडे लांबलं.

माझं मत स्पष्ट आहे: मनगटाला सुट्टी देणं हा खर्च नाही, बचत आहे. अंगठी, घड्याळ लगेच काढा. पहिले ४८ तास चोळू नका, शेकू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा लावा. क्रेप बँडेज बांधा, पण फार घट्ट नको. हात उशीवर उंच ठेवा.

मनगट वाकडं दिसलं, बोटं बधिर झाली किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखलं, तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तिथलं स्कॅफॉइड हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर टाळू नका.

आणि चार दिवस दुकान दुसऱ्या कुणाच्या हातावर चालेल, अशी सोय आजच करून ठेवा. तोच खरा धंदा.