कौल लोकांचा, हुकूम श्रेष्ठींचा

मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या आमच्या काशीगावात सकाळी फिरून परतणारी मंडळी चहाच्या टपरीवर क्षणभर विसावतात आणि नळाच्या पाण्यापासून थेट वॉशिंग्टनपर्यंत सर्व प्रश्नांचा निकाल लावूनच घरी जातात. मध्यंतरी विषय निघाला डोनाल्ड ट्रम्प यांचा. २०१६ साली आपल्याच रिपब्लिकन पक्षातील मातब्बरांना बाजूला सारून या गृहस्थांनी उमेदवारी मिळवली. जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या दहा प्रतिनिधींनी त्यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा अध्यक्षपदावर आरूढ झाले. टपरीवरील एक निवृत्त बँक अधिकारी समाधानाने म्हणाले, "आपल्याकडे असले तमाशे होत नाहीत बुवा. आपल्याकडे पक्ष म्हणजे शिस्त!"

होत नाहीत? अहो, आपल्याकडेही झाले आहेत, आणि त्यातला एक तर मराठी मुलखाच्या मध्यभागी, वर्ध्याला, महात्मा गांधींच्या डोळ्यांदेखत झाला आहे. फरक एवढाच की, अमेरिकेतील भांडण मतपेटीपुढे मिटले आणि आपल्याकडील भांडण बंद खोलीत मिटवले गेले. त्या बंद खोलीचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांनी झाकून ठेवला, म्हणूनच सुशिक्षित माणूससुद्धा हुकमालाच शिस्त समजू लागला.

गोष्ट १९३८ सालची. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या निवडणुकीत काँग्रेसने ११२ पैकी ७० जागा जिंकल्या होत्या आणि प्रांताचे पंतप्रधान होते नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे. (त्या काळी प्रांतिक मुख्यमंत्र्यास पंतप्रधानच म्हणत.) डॉक्टर व्यवसायाने वैद्य, वृत्तीने फटकळ आणि नागपूरकरांचे लाडके. पक्षाच्या आमदारांनी त्यांना आपला नेता निवडले होते. परंतु प्रांत दोन भाषांचा. एकीकडे नागपूर-विदर्भ, तर दुसरीकडे हिंदी भाषक महाकोशल. मंत्रिमंडळातही तीच दुफळी होती. पंडित रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता हे तिघे महाकोशलचे मंत्री आणि खरे यांचे सूर जुळेनात. मे १९३८ मध्ये पचमढी येथे वल्लभभाई पटेलांच्या उपस्थितीत समेट झाला, पण तो पावसाळ्यापर्यंतही टिकला नाही.

जुलैमध्ये खरे यांनी सहकाऱ्यांचे राजीनामे मागितले. संसदीय पद्धतीत हा पंतप्रधानाचा निर्विवाद अधिकार आहे. गोळे आणि देशमुख यांनी राजीनामे दिले. महाकोशलच्या तिघांनी मात्र सांगितले की, पक्षश्रेष्ठींचा आदेश आल्याखेरीज आम्ही हलणार नाही. म्हणजे मंत्री कोणाचे? पंतप्रधानाचे, विधिमंडळाचे, की वर्ध्याचे? या प्रश्नाचे उत्तर त्या तिघांनी स्वतःच्या तोंडाने दिले होते.

पुढचे पाऊल खरे यांनी चुकीचे टाकले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्यांनी स्वतःचा राजीनामा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्या हाती दिला. गव्हर्नरांनी रातोरात त्या तिघांना बडतर्फ केले आणि २१ जुलैच्या पहाटे खरे यांच्या नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी उरकला. परकीय सत्तेच्या प्रतिनिधीच्या हातून स्वपक्षीयांना दूर करणे हा उतावीळपणा होता आणि त्याने विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत दिले. परंतु आमदारांचा विश्वास गमावला असेल तर नेत्याला दूर करण्याचा अधिकार आमदारांचा होता. प्रत्यक्षात काय झाले? आमदारांची सभा भरण्यापूर्वीच खरे यांना वर्ध्याला पाचारण करून फैलावर घेण्यात आले आणि २३ जुलैला त्यांना राजीनामा द्यावा लागला. कार्यसमितीने त्यांना जबाबदारीचे पद सांभाळण्यास अपात्र ठरवले. त्यानंतर, निकाल लागून चुकल्यावर, आमदारांनी शुक्लांना नेता 'निवडले'. आधी शिक्षा, मग मतदान, असा हा उलटा न्याय!

आणखी एक गोष्ट पुरोगामी इतिहासकार सांगत नाहीत. त्या अल्पजीवी मंत्रिमंडळात खरे यांनी अग्निभोज या अस्पृश्य समाजातील आमदारास मंत्रिपद दिले होते. ही गोष्टही श्रेष्ठींना रुचली नाही, असा आरोप खरे यांनी पुढे जाहीरपणे केला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेसवरील आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. हरिजनोद्धाराचे ढोल बडवणाऱ्यांना या प्रकरणाची आठवण करून दिली की त्यांची वाचा बसते.

काँग्रेसच्या वतीने एक युक्तिवाद आवर्जून केला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गांधीजींनी ऑगस्ट १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिले, त्याचा आशय असा की, काँग्रेस ही लढाऊ यंत्रणा आहे आणि लढाई चालू असताना सूत्रे एकाच ठिकाणी राहिली पाहिजेत. युक्तिवाद वजनदार आहे. साम्राज्याशी झुंज चालू असताना प्रत्येक प्रांताचा पंतप्रधान गव्हर्नरांशी परस्पर सोयरीक जुळवू लागला तर लढा कसा चालणार? पण मग लढाई संपल्यावर ती सूत्रे सोडायला नकोत काय? १९४७ साली इंग्रज गेला, वर्ध्याचा तो रिवाज मात्र गेला नाही. युद्धकाळाचा कायदा शांततेतही चालू राहिला, किंबहुना तोच पक्षाचा धर्म बनला.

या कथेतील सर्वांत हृदयद्रावक भाग पुढेच आहे. जुलै १९३८ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी होते सुभाषचंद्र बोस. खरे यांच्यावरील कारवाई त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली आणि तिचे समर्थन करणारे सविस्तर निवेदनही त्यांनीच काढले. त्या तरुण, तेजस्वी अध्यक्षाला तेव्हा ठाऊक नव्हते की, आपण ज्या तलवारीची मूठ धरली आहे तिचे पाते लवकरच आपल्याकडे वळणार आहे.

२९ जानेवारी १९३९ रोजी सुभाषबाबू पुन्हा अध्यक्षपदी निवडून आले. श्रेष्ठींचे उमेदवार पट्टाभी सीतारामय्या यांना १३७७ मते पडली, सुभाषबाबूंना १५८०. देशभरातील प्रतिनिधींनी दिलेला हा उघड कौल होता. गांधीजींनी हा पट्टाभींपेक्षा आपलाच पराभव असल्याचे जाहीर केले आणि चक्र फिरू लागले. फेब्रुवारीत, पुन्हा वर्ध्यालाच, कार्यसमितीच्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे देऊन अध्यक्षाला एकटे पाडले. मार्चमध्ये अधिवेशन भरले जबलपूरजवळ त्रिपुरीला, म्हणजे ज्या प्रांतातून खरे यांना घालवले त्याच मध्यप्रांतात. तापाने फणफणलेल्या अध्यक्षाला रुग्णशय्येवरून अधिवेशनात आणावे लागले आणि तेथे गोविंद वल्लभ पंतांचा ठराव संमत झाला. अध्यक्षाने आपली कार्यसमिती गांधीजींच्या इच्छेनुसारच नेमावी, हे त्याचे सार. निवडून आलेला अध्यक्ष होता, पण त्याचे हात बांधलेले होते. २९ एप्रिलला कलकत्त्यात त्यांनी पद सोडले. ऑगस्टमध्ये त्यांना तीन वर्षे पक्षाच्या कोणत्याही निवडणुकीच्या पदास अपात्र ठरवण्यात आले. खरे यांना लावलेला 'अपात्र' हा शिक्का वर्षभरातच सुभाषबाबूंच्या कपाळी मारला गेला.

महाराष्ट्राने या रिवाजाची फळे पुढे पोटभर चाखली. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत राज्याने सहा मुख्यमंत्री पाहिले : अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार. अंतुल्यांना न्यायालयाच्या निकालानंतर जावे लागले आणि ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या जागी भोसले का आले, हे महाराष्ट्रातील किती आमदारांना आधी ठाऊक होते? मुख्यमंत्री मुंबईत बसायचा, त्याचा प्राण मात्र दिल्लीतील पोपटात असायचा.

म्हणून चहाच्या टपरीवरील आमच्या मित्रांना सांगावेसे वाटते की, ट्रम्प यांचे गुणदोष क्षणभर बाजूला ठेवा. त्यांच्या विरोधात गेलेल्या लिझ चेनी यांना २०२२ साली वायोमिंगमधील मतदारांनी उघड मतदानाने उमेदवारी नाकारली, कोणत्या समितीने बंद दाराआड नव्हे. लोकप्रिय नेता उद्दाम होऊ शकतो, चुकू शकतो. खरे यांचेही चुकले. पण त्याला निवडणाऱ्यांनीच त्याला उतरवले पाहिजे. ज्याने नेमले नाही, त्याला काढण्याचा अधिकार नाही. लोकशाहीचे हे बाळबोध सूत्र आहे.

आणि हे केवळ काँग्रेसला ऐकवून भागणार नाही. आज अनेक राज्यांत आणि महापालिकांत आपल्या विचारांची माणसे सत्तेवर आहेत. सत्ता आली की वर्ध्याची ती खोली कोणत्याही पक्षात उघडू शकते. अनुशासन हा आपला प्राण आहे, पण अनुशासन म्हणजे विचारविनिमयानंतर, सर्वांचे ऐकून घेतल्यावर स्वीकारलेला निर्णय. वरून आलेली चिठ्ठी नव्हे. बैठकीत मन मोकळे करणारा आणि निर्णयानंतर झटून कामाला लागणारा कार्यकर्ता ही संघटनेची खरी श्रीमंती. ज्या दिवशी तो बैठकीतच गप्प बसू लागेल, त्या दिवशी समजावे की, आपल्याकडेही त्रिपुरीची तयारी सुरू झाली आहे.

सुभाषबाबूंची जयंती आपण दर जानेवारीत उत्साहाने साजरी करतो. प्रतिमेला हार घालताना यापुढे नागपूरच्या त्या फटकळ डॉक्टरांचेही एकदा स्मरण करावे. दुसऱ्यावर होणाऱ्या अन्यायाच्या वेळी जो मान डोलावतो, त्याची पाळी फार दूर नसते, हा धडा त्या दोघांनी मिळून आपल्याला दिला आहे.