काजवे विझल्यानंतर गावाचे काय?
दुर्गम भागातील ग्रामीण पर्यटन टिकण्यासाठी हंगामापलीकडचा विचार हवा

विशेष प्रतिनिधी

मृगाच्या आगेमागे नगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) अकोले तालुक्यात, पुरुषवाडी व भंडारदरा परिसरातील झाडे काजव्यांनी लखलखू लागतात आणि मुंबई-पुण्याच्या गाड्यांची घाटात रीघ लागते. जेमतेम तीन-चार आठवड्यांचा हा सोहळा. पावसाने जोर धरला की काजवे जातात आणि त्यांच्यामागोमाग पर्यटकही. मग उरते ती भाताची लावणी आणि काढणीनंतर रोजगारासाठी नारायणगाव, जुन्नरची वाट.

राज्यात कृषी पर्यटनाला २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामती परिसरात केलेल्या प्रयोगाने चालना दिली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरणही आणले. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला त्यात नोंदणी करता येते. मात्र खोल्या, स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर उभारायचे तर आधी भांडवल लागते. बागायतदाराला ते जमते. सामायिक सातबारा आणि पावसावरची भातखाचरे असलेल्या महादेव कोळी कुटुंबाला ते कोठून जमावे? परिणामी, ज्याला पूरक उत्पन्नाची सर्वाधिक निकड, तोच या व्यवसायात मागे राहण्याचा धोका आहे.

या पेचावर पुरुषवाडीने एक उत्तर शोधले. तेथे ग्रासरूट्स या संस्थेच्या साथीने पर्यटन हा गावाचा उपक्रम झाला. पाहुणे घरोघरी आळीपाळीने जेवतात, वाटाड्या गावचाच असतो. नवे बांधकाम कमी, त्यामुळे कर्जाचा बोजाही कमी. एकाच्या अंगणात हॉटेल उभे राहण्याऐवजी अनेकांच्या चुलीला हातभार लागतो.

परंतु गर्दी हाच या व्यवसायाचा शत्रूही आहे. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे जोडीदारासाठीचा संकेत. मोटारींचे झोत, विजेऱ्या आणि गोंगाट यांनी त्यात व्यत्यय येतो. झाडाखालच्या तुडवातुडवीत मादी व अळ्या चिरडल्या जातात. ज्या भांडवलावर व्यवसाय उभा, तेच अशाने संपेल. उन्हाळ्याच्या अखेरीस आटत आलेल्या विहिरींवर पाहुण्यांच्या पाण्याचा भार पडतो, तो वेगळाच. करोनाकाळात, २०२० मध्ये, पर्यटन एकाएकी थांबले, तेव्हा केवळ त्यावर विसंबणे किती जोखमीचे आहे, हेही दिसले.

म्हणूनच पर्यटन हा शेतीला पर्याय नव्हे, जोड आहे, हे धोरणकर्त्यांनी ध्यानात घ्यायला हवे. वैयक्तिक केंद्रांइतकेच गावाच्या सामूहिक उपक्रमांना बळ, रोजच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा, प्रवेशशुल्कातील ठरावीक वाटा गावाच्या पाणी व जंगलरक्षणासाठी आणि लावणी, कापणी, रानभाज्या यांच्याभोवती गुंफलेले वर्षभराचे वेळापत्रक, एवढे तरी व्हावे. गावात किती गाड्या आल्या, हा यशाचा निकष नव्हे. दिवाळीनंतर गावातील किती घरांना कुलपे लागली नाहीत, हा खरा निकष होय.