मोजणी आभाळातून, पण आकडा कुणाच्या हातात?



मोजणीला आता ३३ फुटांची साखळी येत नाही. काठीच्या टोकावर बसवलेले रोव्हर यंत्र येते. ते उपग्रहांचे संदेश घेते आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या राज्यातल्या ७७ कायम केंद्रांकडून दुरुस्ती मागवते. केंद्राची जागा पक्की ठाऊक असते, म्हणून उपग्रहाचे गणित त्या क्षणी किती चुकते ते केंद्र सांगू शकते. चूक दोन-चार सेंटिमीटरवर येते. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम खोट घालत असे, तेव्हा हीच चूक शंभर मीटरपर्यंत जाई!

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. साखळीने आणि साखळी ओढणाऱ्याने आमचे बांध थोडे का सरकवले? पण उपग्रहाचे नाव घेतले की शेतकऱ्याने तोंड मिटावे, हे आम्हाला मान्य नाही.

वनहक्काच्या प्लॉटचे पाहा. हातातल्या साध्या जीपीएसने तीन मीटरची चूक सहज होते. वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे बाजू ४५ मीटर. एका बाजूची रेघ तीन मीटर आत आली, तर १३५ चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याहून जास्त जमीन कागदावरून गेली. मोठ्या बागायतदाराला ते कळणारही नाही. मासवणच्या बाजूच्या पाड्यावर तेवढ्यात भाताची रोपणी होते. २०१२ च्या दुरुस्त नियमांत स्पष्ट लिहिले आहे की उपग्रहाची चित्रे आणि तंत्रज्ञान हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही. साहेब हे वाचत नसतील, तर आपण वाचून दाखवावे.

महामार्ग, मालगाडी, बुलेट ट्रेन, सगळ्यांची आखणी याच उपग्रहांवर झाली. तेथे सेंटिमीटर चालतो, मग आमच्या दाव्याला मीटर का?

याच यंत्राला कायम एका जागी ठेवले तर जमीन वर्षाला किती मिलिमीटर सरकते, खचते, तेही कळते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ चा होता. हैदराबादच्या भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापके लावली. आमच्या एका बाजूला सूर्येवरचे धामणी धरण, दुसऱ्या बाजूला १९६९ पासूनचा तारापूरचा अणुवीज प्रकल्प. जमीन आमच्या पायाखालची, मग तिची नोंद फक्त शास्त्रज्ञांच्या कपाटात का?

जिल्हा बैठकीत आम्ही मांडणार आहोत ते असे: मोजणीच्या नकाशावर प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश छापून खातेदाराला द्यावेत. जुना नकाशा आणि रोव्हर जुळले नाहीत, तर शेजाऱ्यांसमोर सुनावणी व्हावी. टेबलावर बसून रेघ ओढू नये. साध्या जीपीएसने मोजलेले वनहक्काचे प्लॉट दावेदाराने मागितल्यास रोव्हरने फुकट मोजून द्यावेत. आणि जमिनीच्या हालचालीचे आकडे दर महिन्याला मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. येताना आपापली मोजणीची ‘क’ प्रत आणि वनहक्काचा दाखला बरोबर आणा.