शाल-श्रीफळ नको, अर्धा तास द्या!

डिसेंबर सरत आला की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात कार्यक्रमांची रांग लागते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मोत्सव आणि मग संक्रांतीचं हळदीकुंकू, ते थेट रथसप्तमीपर्यंत. या दिवसांत वक्त्यांना भारी मागणी! पूर्वी आहारतज्ज्ञ यायच्या, कायदा सांगणाऱ्या वकीलबाई यायच्या. गेल्या काही वर्षांत या यादीत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. खांद्याला लॅपटॉप, हातात वायरींची पिशवी आणि विषय ठरलेला : सायबर सुरक्षा.

आपण त्यांना ‘कॉम्प्युटरवाले सर’ किंवा ‘सायबरच्या मॅडम’ म्हणतो. टाळ्या वाजवतो, फोटो काढतो आणि विसरून जातो. पण मैत्रिणींनो, गावोगाव फिरून लोकांना फसवणुकीपासून वाचायला शिकवणं हासुद्धा एक व्यवसाय आहे, पोटापाण्याचा. महिला मंडळाच्या कामामुळे ही माणसं मला जवळून बघायला मिळाली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आज मांडते.

आधी कमाईचं बोलू, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत आणि बँकांत कर्मचाऱ्यांना असं प्रशिक्षण देणं आता नेमाचं झालं आहे. बाहेरचा प्रशिक्षक बोलावतात, दिवसाचे पैसे ठरवून देतात. काही कंपन्या तर आपल्याच माणसांना मुद्दाम खोटी ई-मेल पाठवतात, ‘तुमचा पगार अडकला आहे, इथे क्लिक करा.’ जो क्लिक करेल त्याची रवानगी पुन्हा वर्गात! प्रशिक्षकाचं घर चालतं ते या कामावर. शाळा, महाविद्यालयं, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ इथं बहुतेक वेळा हाती पडतं ते शाल, श्रीफळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह. एक मॅडम मला हसत म्हणाल्या, “ताई, घरात सतरा शाली झाल्या. पुण्यात थंडी ती किती पडते, सांगा!”

बरं, काम सोपं आहे का? शिवणाचा क्लास घेणाऱ्या बाईचा ब्लाउजचा कट वर्षानुवर्षं चालतो. इथं मात्र दर दोन-तीन महिन्यांनी भामट्यांची युक्ती बदलते. कधी ‘आज रात्री वीज कापली जाईल’ असा निरोप, कधी ‘तुमच्या कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले’, कधी व्हॉट्सअॅपवर आलेली लग्नपत्रिका. ती उघडायला गेलं की पत्रिका नसतेच, एपीके नावाची फाइल फोनमध्ये शिरून बसते आणि बँकेचे ओटीपी परस्पर तिकडे जातात. प्रशिक्षकाला रोज वाचत राहावं लागतं. सीआयएसएसपी नावाचं या क्षेत्रातलं नावाजलेलं प्रमाणपत्र आहे. ते मिळवून भागत नाही. टिकवायचं तर दर तीन वर्षांत १२० गुणांचा अभ्यास दाखवावा लागतो, वर दरवर्षी शुल्क भरावं लागतं ते वेगळंच.

आणि प्रवास! बुलडाणा शहराला रेल्वे नाही. रात्रीच्या गाडीने यायचं, मलकापूरला उतरायचं, मग मोताळ्यावरून राजूर घाट चढून एसटीनं बुलडाणा. सकाळी इथं व्याख्यान, दुपारी चिखली नाहीतर घाटाखाली खामगाव. प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपला बसत नाही, ऐन वेळी वीज जाते, साउंडवाला फोनवर असतो. एक सर तर म्हणाले, “मी आता कापडी फलक आणि दोन जुने मोबाइल घेऊनच फिरतो. चित्रं दिसली नाहीत तरी माझं अडत नाही.”

एवढं करून पाहुणा व्यासपीठावर येतो आणि पुढे काय होतं? कार्यक्रम अकराचा. प्रमुख पाहुणे येतात सव्वाबाराला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पंधरा-वीस जणांचे सत्कार, सत्कार करणाऱ्यांचे पुन्हा सत्कार. प्रास्ताविकातच पाऊण तास जातो. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाच्या वाट्याला उरतात वीस-पंचवीस मिनिटं. लगेच आभार, लगेच अल्पोपाहार, आणि ‘मॅडम, तुमची गाडी आहे ना’ म्हणत त्यांना जीपमध्ये बसवायची घाई.

माझा आक्षेप नेमका इथं आहे. कारण खरं व्याख्यान त्यानंतर सुरू होतं!

दोनशे बायकांच्या सभेत प्रशिक्षक विचारतात, “कुणाची फसवणूक झाली आहे का? हात वर करा.” एक हात वर जात नाही. कुणी पदर सारखा करतं, कुणी पोराला गप्प करतं. मग चहाच्या वेळी एकजण हळूच जवळ येते. “मॅडम, माझ्या जावेचं असं असं झालं...” दुसरी येते, तिच्याही जावेचंच झालेलं असतं. अनुभवी प्रशिक्षक ‘जाऊ तुमची का?’ असं विचारत नाहीत. ते म्हणतात, “जाऊबाईंना सांगा, घाबरू नका, आधी हे करा.”

अशीच एक शिवणकाम करणारी बाई. लाडकी बहीण योजनेचं केवायसी बाकी आहे म्हणून तिला एक लिंक आली. योजनेचे महिन्याला १५०० रुपये सुटू नयेत म्हणून तिने सगळी माहिती भरली, ओटीपीही दिला. मशीनवर दिवसरात्र बसून जमवलेले २३ हजार रुपये गेले. नऊ दिवस तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “मालकाले सांगतलं तर ते मोबाइलच फोडतीन. अन् सासू म्हणीन, मोठी शिकेल लागून गेली!”

त्या नऊ दिवसांची किंमत काय, हे तिला मॅडमनी समजावलं. १९३० या क्रमांकावर फोन केला की ती तक्रार आपल्या बँकेकडे आणि पैसे जिथं गेले त्या बँकेकडे लगेच पोचते. पैसे अजून खात्यात असले तर तिथंच गोठवता येतात. पण भामटे ते एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहाव्या खात्यात फिरवतात आणि काढून घेतात. म्हणून पहिला तास मोलाचा. फोन करताना बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवायचा. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकातही एक महत्त्वाची गोष्ट होती. ग्राहकाने स्वतः ओटीपी देऊन चूक केली असली तरी बँकेला कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल ते नुकसान बँकेचं. म्हणजे गप्प बसण्यानं आपण दुसऱ्यांदा लुटलं जातो.

हे सगळं माइकवरून सांगितलेलं होतंच. पण त्या बाईला ते कळलं चहाच्या टेबलापाशी, स्वतःचं दुःख बोलल्यावर. आणि त्या चहापाशी तिला मिळाली जेमतेम पाच मिनिटं.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त खटकते. काही वक्त्यांना भीती विकायची सवय लागली आहे. फोटोंची छेडछाड, ब्लॅकमेल, आत्महत्या अशी एकापाठोपाठ एक चित्रं दाखवायची आणि सभा सुन्न करून सोडायची. मग अध्यक्ष उठतात आणि समारोप करतात, “तर मुलींनो, मोबाइलपासून दूरच राहा!” टाळ्या. दुसऱ्या दिवशी चार घरांत मुलींचे फोन काढून घेतलेले असतात. पोरांचे मात्र तसेच! वास्तविक आज भामट्यांना आपलं बँक खातं कमिशनवर वापरायला देणारी बरीचशी पोरंच असतात आणि पोलीस आधी त्यांच्याच दारात येतात. पण भाषण ऐकायला बसवतात मुलींना.

आठवतं का, २००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी सुरू केलं तेव्हा आपल्यापैकी कितीजणींनी पहिल्यांदा माउस हातात धरला? नोकरीला लागतं म्हणून घरच्यांनी फी भरली. त्या कोर्सनं संगणक चालवायला शिकवलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पुढच्या काही वर्षांत आपली बँकच फोनमध्ये आली. आता बाईच्या हातातून फोन काढून घेणं म्हणजे तिचं पासबुक, तिची पैशाची पुरचुंडी काढून घेणं आहे. सुरक्षेच्या नावाखाली हे होत असेल तर ते व्याख्यान न झालेलं बरं.

चांगला प्रशिक्षक भीती दाखवत नाही, सराव करून घेतो. अमेरिकेत केव्हिन मिटनिक नावाचा एक गाजलेला हॅकर होता. १९९५ मध्ये तो पकडला गेला, २००० मध्ये सुटला आणि पुढे जगभर फिरून याच विषयावर व्याख्यानं देऊ लागला. २०२३ मध्ये तो वारला. (त्याचं व्हिजिटिंग कार्ड धातूचं होतं आणि त्यातून कुलूप उघडायच्या काड्या निघायच्या! अशी कार्डं आपल्याकडे वाटली तर काय होईल, कल्पना करा.) त्याचं सांगणं एवढंच असायचं की यंत्रापेक्षा माणूस फसवणं सोपं. तो स्वतः फोनवर गोड बोलून, कंपनीचाच माणूस असल्याचं भासवून गुपितं काढून घ्यायचा.

मग अधिकाराच्या आवाजापुढे मान खाली घालायला लहानपणापासून कुणाला शिकवलं जातं? आपल्यालाच ना! ‘उलट बोलू नये’ हा पहिला धडा. आमच्या मंडळात एका मॅडमनी खेळ घेतला. एकीनं दरडावणारा ‘साहेब’ व्हायचं, दुसरीनं त्याचा फोन कापायचा. हसू नका, पण पहिल्या पाचजणींना फोन कापताच आला नाही. एक म्हणाली, “बरं साहेब, ठेवू का मग?” ठगाचीसुद्धा परवानगी! पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं की ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यात नाहीच. ते ऐकलं अनेकींनी. पण ऐकणं वेगळं आणि समोर खाकी कपड्यातला माणूस व्हिडिओ कॉलवर ओरडत असताना लाल बटण दाबणं वेगळं. त्यासाठी बोटाला सवय लागते. ती वीस मिनिटांत कशी लागणार?

काम करणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं मुळीच नाही. पुण्याचे डॉ. दीपक शिकारपूर कितीतरी वर्षं मराठीतून संगणक साक्षरतेचं लिहीत-बोलत आले आहेत. पत्रकार-लेखिका मुक्ता चैतन्य यांचं ‘सायबर मैत्र’ आहे. सोनाली पाटणकर यांच्या ‘रिस्पॉन्सिबल नेटिझम’ने राज्य महिला आयोगाबरोबर महाविद्यालयीन मुलींसाठी ‘डिजिटल स्त्री शक्ती’ हा उपक्रम चालवला. राज्य सरकारनेही ३ जानेवारी २०२० ला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, ‘सायबर सेफ वुमन’ मोहीम काढून ठिकठिकाणी शिबिरं घेतली. मार्चमध्ये कोरोना आला आणि सगळ्या सभा थांबल्या. दरम्यान चोर मात्र थांबले नाहीत. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे देशात सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गेले होते, २०२४ मध्ये तो आकडा २२,८४५ कोटींवर गेला.

एवढ्या पुराला पुण्या-मुंबईहून येणारे मोजके लोक कुठं पुरणार? माझं म्हणणं असं की त्यांना एका भाषणासाठी बोलवूच नये. दोन दिवस ठेवून घ्यावं, रीतसर मानधन द्यावं आणि त्यांनी इथल्याच वीस-पंचवीस जणींना तयार करावं. उमेदच्या बचत गटांतल्या सखी आहेत, अंगणवाडीताई आहेत, शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली आहेत. आपल्या बोलीत बोलणारी, दुसऱ्या दिवशीही गावातच भेटणारी बाई असली तर ‘जावेचं’ दुःख नवव्या दिवशी नाही, पहिल्या तासात बाहेर येईल. आणि एक सभा नवरे, सासरे, दीर यांची वेगळी घ्यावी. विषय एकच, घरात कुणी फसलं तर आधी ओरडायचं की आधी १९३० लावायचा?

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येणारच. पत्रिका, हार, शाली, स्मृतिचिन्हं आणि मंडप यांचा खर्च एकदा कागदावर मांडून बघा, प्रशिक्षकाचं मानधन त्यातच निघेल. उरलेल्यासाठी दुसरा रस्ताही आहे. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँका आणि पतसंस्था काही कमी नाहीत, आणि आपल्यापैकी कितीतरीजणी त्यांच्या सभासद आहेत. सप्टेंबरअखेरपर्यंत त्यांच्या वार्षिक आमसभा होतात. अहवालाची पुस्तिका घरी येते, आपण तिचं कव्हर मुलांच्या वहीला घालतो. यंदा ती उघडा, सभासद प्रशिक्षणावर किती खर्च झाला ते बघा आणि आमसभेत उभं राहून विचारा की त्यातून सायबर प्रशिक्षणाच्या किती सभा झाल्या आणि त्यात बायका किती होत्या.